दोन मशिनी, एक कणगी

सुंदर, आज पुन्हा एकानं विचारलं, "कसं काय झालं हो एकदम?" आणि मी पुन्हा सांगितलं. आज सांगताना जे घडलं ते तुला कळायलाच पाहिजे, पण ते शेवटी. मधेच सांगितलं तर तू म्हणशील, "क्रमानं सांग बे, उड्या मारू नको."

तुझ्या ओसरीवर सतरंजी टाकलीय. मी भिंतीला टेकून बसतो. लोक येतात, चपला काढतात, थोडा वेळ खाली बघतात आणि मग तोच प्रश्न विचारतात. चौसाळ्यातले सगळे येऊन गेले. लिंबागणेशहून सासुरवाडीची भावकी टेम्पो करून आली. उत्तर द्यायला मला बसवलंय. काही सांगायचं म्हटलं की अंकुशरावांना पुढं करायचं, ही आपल्या घराची जुनी खोड. बारशाला मी, लग्नाच्या बैठकीत मी, भांडण मिटवायला मी. तुझ्या मरणालाही मीच. मला जमेल का, असं कुणी विचारलंसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी माझी वाक्यं अर्धवट राहायची, लोकच पुरी करायचे. आता तसं होत नाही. कुठं थांबायचं, कुठं उसासा टाकायचा, कुठं गमछा डोळ्याला लावायचा, सगळं बसलंय. परवा चकलांब्याहून तुझा मामेभाऊ आला. मी सांगत गेलो आणि तो ढसाढसा रडला. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. गोष्ट रंगली म्हणून! मग असा काटा आला अंगावर, की उठलो आणि मागं हौदावर जाऊन तोंडावर पाणी मारलं. म्हणजे तू पडलास त्याच हौदावर. तुझ्या घरात पाणी दुसरीकडं आहेच कुठं?

आणि आक्का बोलत नाही, सुंदर. ज्या बायकोच्या आवाजावर तू गल्लीच्या तोंडाशीच गाडीचं हॉर्न वाजवणं बंद करायचास, ती बोलत नाही. रडतही नाही. दाराच्या आत चौकटीला पाठ लावून बसते, म्हणजे ओसरीवरचं सगळं तिला ऐकू येतं. माझी उषा थोरल्या बहिणीला घास भरवते, तो तोंडात तसाच राहतो. डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, धक्का बसलाय, त्यांना बोलू द्या, रडू द्या. जसं काही आम्हीच तोंड दाबून धरलंय.

काल मामींनी मला मागच्या दारी बोलावलं. आपली सासू जावयासमोर पदर सावरल्याशिवाय कधी उभी राहिली नाही, पण काल तिला पदराचं भान नव्हतं. म्हणाली, "अंकुशराव, तुमी बोलके माणूस हायेत. माझ्या मंगलला बोलती करा. न्हाई तर ती बी जाईल बघा त्यांच्या मागं."

मी म्हणालो, "करतो मामी."

काय करतो, डोंबल! मला तुझ्याशिवाय गोष्ट सांगता येत नाही हे मामींना कुठं माहीत आहे?

आपण साडू. वयानं मी मोठा, पण तू थोरलीचा नवरा, म्हणून नात्यानं तू मोठा. सासुरवाडीत पाट आधी तुला, टोपी-उपरणं आधी तुला, आणि माझ्याहून लहान माणसाला मी सगळ्यांदेखत "अहो सुंदरराव, घ्या की" म्हणायचं. गाडीनं लिंबागणेशची वेस ओलांडली की "बे" सुरू. आणि नाव काय, तर सुंदर. तुझं थोबाड बघून हे नाव ठेवणाऱ्या आत्याची मी एवढी वर्षं चेष्टा केली, तू एकदाही हसला नाहीस. "पाळण्यात बरा दिसत असंल मी," एवढंच म्हणायचास, तेही अगदी विचार करून.

दूध संघात तू कॉम्प्युटरचा माणूस आणि मी संकलनाचा. तू यंत्रांशी बोलायचास, मी दूध घालणाऱ्या चिडक्या माणसांशी. दोघांनाही वाटायचं की आपलं काम अवघड. पूर्वी संघात एकच कॉम्प्युटर होता आणि तो एका उन्हाळ्यात ऐन संकलनाच्या वेळी बसला. बाहेर कॅन भरलेल्या गाड्यांची रांग, ऊन चढतंय, दूध नासायच्या बेतात, आणि कुणाचं किती दूध, किती फॅट, काही कळायला मार्ग नाही. चेअरमन तुझ्यावर ओरडले. तू शांतपणे म्हणालास, "एक हाय म्हणून बसला. दोन असते तर बसला नसता." मला वाटलं, वैतागून बोलतोय. तू पुढच्याच मीटिंगला कागद घेऊन आलास. दोन सर्व्हर आणि दोघांना जोडलेला एकच स्टोरेजचा डबा. दुधाची सगळी नोंद डब्यात, मशिनी फक्त त्यात लिहिणार. एक बंद पडली की दुसरी उठणार.

संचालक मंडळाच्या चेहऱ्यावरची माशी हलेना. मग तू तुझं ते प्रसिद्ध उदाहरण दिलंस.

"असं समजा साहेब. घरात सुना दोन हायेत आन् कणगी एक. ज्वारी सगळी कणगीत. आज थोरली काढती, थोरली भरती. धाकटी नुसती बसलेली, पण पदर खोचून तयार. थोरली आजारी पडली की धाकटी उठती आन् त्याच कणगीत हात घालती. घर उपाशी ऱ्हात न्हाई."

एका संचालकानं विचारलं, "मग दोघींनी मिळूनच केलं तर लवकर होईल की."

"न्हाई!" तू एवढ्या जोरात म्हणालास की शिपाई आत डोकावला. "दोघींनी एकदम हात घातला तर संपलं. एक म्हणती मी दोन पायल्या काढल्या, दुसरी म्हणती मी भरल्या. कणगीत काय हाय ते देवाला बी कळायचं न्हाई. एका वेळी एकीनंच."

चेअरमनच्या दोन्ही सुनांनी नुकत्याच चुली वेगळ्या केल्या होत्या. अख्ख्या तालुक्याला माहीत होतं, एकट्या तुला सोडून. साहेब लालबुंद होऊन म्हणाले, "सुंदर, तुला उदाहरणाला माझंच घर सापडलं का?" आणि तू भाबडेपणानं म्हणालास, "कावून साहेब, काय झालं?"

मी टेबलाखाली तुझ्या पायावर पाय दिला. तू मोठ्यानं विचारलंस, "पाय कावून देतो बे?"

तरीही मशिनी आल्या. थोरली, धाकटी आणि कणगी, ही नावं संघात सगळ्यांच्या तोंडी बसली. साहेबांच्या केबिनसाठी आलेला एसी तू त्या खोलीत बसवून घेतलास आणि साहेब पंख्याखाली घाम पुसत राहिले. एकदा मी घरून तुला फोनवर सांगत होतो, "धाकटी लई गरम झालीय, आवाज करतीय, बघ जरा येऊन," तेव्हा उषा मागंच उभी होती. त्या दिवशी मला जेवण मिळालं नाही.

तुझ्या गैरहजेरीत खोलीकडं बघायला कुणीतरी हवं, म्हणून तू मलाच शिकवलंस. म्हणजे मी आपला धाकटीसारखा. काही न करता तयार बसून राहायचं, हे काम माझ्या स्वभावाला असं मानवलं, की मी ते मशिनींच्याही आधीपासून करत होतो. तू मला दोघींमधली तार दाखवलीस. त्या तारेतून धाकटी थोरलीला सारखं विचारत असते, जागी हायेस का? थोरली म्हणते, हाय. एवढंच बोलणं, दिवसभर.

"आन् थोरलीनं जाब दिला न्हाई तर?" मी विचारलं.

"तर लगेच उठायचं न्हाई. जाब आला न्हाई म्हणजे ती मेली असं धरायचं न्हाई. तार निघाली असंल. ती तिकडं चांगली जिती असंल, काम करत असंल. तू मेली समजून हात घातला, की दोघी एकाच कणगीत. म्हणून आधी थोरलीची वीज तोडायची. ती आता उठतच न्हाई याची खात्री करायची. मगच तिच्या जागी बसायचं."

"लई निर्दयी कायदा हाय बे."

"दया केली की डेटा गेला," तू म्हणालास आणि तंबाखूची डबी काढलीस.

मग तू भाच्याच्या लग्नाला गेलास आणि खोली माझ्या ताब्यात आली. झाडणाऱ्या बाईच्या झाडूनं ती तार निघाली. स्क्रीनवर लाल अक्षरं. तुझी शिकवण मला पाठ होती, पण कोण मेलं आणि कोण जितं आहे हे काही मला ओळखता येईना. शेवटी मी दोघींचीही वीज तोडली. म्हटलं, भांडणच नको. त्या सकाळी संघात कागदावर दूध लिहिलं. तू अंगावरच्या हळदीच्या कपड्यांनिशी आलास, तार जागेवर बसवलीस आणि माझ्याकडं बघून म्हणालास, "अंकुश, तू माणूस चांगला हाय. पण मशीन म्हणून लई वाईट हाय." हे तू मला दिलेलं एकमेव प्रशस्तिपत्रक. बाकी तुझ्या तोंडून कौतुक निघायला कुणाला तरी मरावं लागायचं.

आणि आता तूच.

त्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं होतं. आपल्याकडं पाणी आलं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, गल्लीतला एकेक माणूस पाइप घेऊन धावतो. तू हौदात पाइप सोडायला गेलास. तुमच्या शेजारणीचा फोन उषाला आला. तिनं काय ऐकलं मला कळलं नाही, तिचं तोंड बघून मी तसाच पळालो. एका पायात माझी चप्पल आणि एका पायात उषाची, हे मला स्मशानात कळलं.

तू हौदाशेजारी आडवा होतास. शर्ट भिजलेला. हौद भरून अंगणभर पाणी झालेलं आणि नळ कुणीतरी बंद केलेला. मी हाक मारली, "सुंदर." मग सगळ्यांदेखत मारायची ती मारली, "सुंदरराव, ओ सुंदरराव." तू जाब दिला नाहीस. आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल? जाब आला नाही म्हणजे मेला असं धरायचं नाही. तार निघाली असंल. मी तुझा एक हात धरला, सोडला, दुसरा धरला. लोक मला मागं ओढत होते आणि मी म्हणत होतो, "थांबा, तार बघू द्या." त्यांना वाटलं मला भ्रम झाला. डॉक्टर आला, त्यानं बघितलं, हृदय बंद पडलंय म्हणाला. मी त्याच्याशीही वाद घातला. त्याला म्हटलं, तुमी नीट बघितलं न्हाई. एवढा धडधाकट माणूस, काल माझ्यावर चिडून गेला, तो असा कसा?

अजूनही मी तेच करतोय, सुंदर. संघात तुझी खुर्ची आहे, तिच्यावर मी बसत नाही. साहेबांनी निरोप धाडला, खोलीचं आता तूच बघ. मी दारातून बघतो. आत एसी चालू, दिवे लुकलुकतात, धाकटी थोरलीला विचारतेय आणि थोरली सांगतेय. त्यांचं नीट चाललंय. मला मात्र खात्री करता येत नाही. तुझा कायदा मला पाठ आहे, पण खात्री कशी करतात ते तू शिकवलं नाहीस.

आणि दुसरी गोष्ट आता लक्षात आलीय. लोक म्हणतात, अंकुशरावांच्या गोष्टी म्हणजे काय विचारता! पण त्या गोष्टी माझ्या कुठं होत्या? मी फक्त सांगायचो. साठवलेल्या तुझ्यापाशी असायच्या. मी म्हणायचो, "त्या गुरुवारी आपण गेलतो..." तू तंबाखू चोळता चोळता मधेच, "गुरुवार कुठला, त्या दिशी बाजार होता. आपला बाजार गुरुवारी नसतोय." मी म्हणायचो, "एवढा मोठा नाग!" तू म्हणायचास, "धामण व्हती. आन् ती पळून गेलती, तू बी पळलता. उलट्या बाजूला." लोक हसायचे, मी चिडल्याचं सोंग करायचो, आणि गोष्ट वर चढायची. तुझ्या त्या नकारांवरच मी उभा राहायचो. मी वाटेल तेवढं फेकायला मोकळा होतो, कारण खरं काय ते तुझ्याकडं जपलेलं होतं.

आता मी ओसरीवर बसून काहीही सांगतो आणि कुणी थांबवत नाही. परवा कुणाला तरी सांगितलं, सुंदररावांना गाण्याची फार आवड. कसली आवड? तुला रेडिओ लावलेला चालायचा नाही. पण मी बोलून गेलो आणि लोकांनी माना हलवल्या, "हो ना, रसिक माणूस." असंच चालू राहिलं तर वर्षश्राद्धापर्यंत मी तुला पेटी वाजवायला लावीन.

एक मात्र खरं तेच सांगतो, त्यात मसाला नाही. माझी आई बीडला दवाखान्यात होती, तेव्हा तुला कुणी काही सांगितलं नव्हतं. तू आपलं आपण मोटारसायकल काढलीस आणि माझी सगळी गावं फिरलास. मी परत आलो तर अर्धी गावं रुसलेली. एकाच्या म्हशीला तू आळशी म्हणालास, एकाला तोंडावर सांगितलंस की तुमच्या दुधात पाणी नाही, तुमच्या पाण्यात दूध हाय. मला पुढं महिनाभर घरोघर चहा पीत फिरावं लागलं. पण एकाही केंद्राचं दूध त्या काळात बंद झालं नव्हतं. मी तुझे आभार मानायला आलो तर म्हणालास, "आभार कसले? धाकटी आजारी पडली की थोरलीनं बघायचं." आणि आईसाठी डब्यात डिंकाचे लाडू दिलेस. ते तू स्वतः वळले होतेस हे मला उषानं नंतर सांगितलं. सगळे वेडेवाकडे होते.

आता शेवटच्या दिवसाचं. ते मी टाळत होतो.

तुला दुसरी कणगी हवी होती. किती दिवस तू ते लावून धरलं होतंस. मशिनी दोन झाल्या म्हणून सगळे निर्धास्त आणि तुझी झोप उडालेली. मीटिंगच्या आधी आपण दोघं कँटीनमध्ये बसलो होतो.

"मशिनी दोन, पण कणगी एकच हाय," तू म्हणालास. "कणगीच जळाली तर दोन सुना काय करत्यात? तोंडाकडं बघत बसत्यात एकमेकीच्या."

"कणगीच्या आत डिस्कच्या जोड्या लावल्यात म्हणला होतास ना तूच? एक गेली तर दुसरी?"

"आत हायेत. पण डबा एक. खोली एक. छप्पर एक. वीज पडली तर जोड्या बघून पडती का? मला लिंबागणेशच्या केंद्रावर दुसरी कणगी पाहिजे. रोज इथलं तिथं उतरवून ठेवायचं. मग इथं कायबी होऊ दे."

मला पटलं होतं, सुंदर. सुना आणि कणगी म्हटलं की मलासुद्धा पटतं. पण मीटिंगमध्ये साहेबांनी आठ्या घालून विचारलं, "अंकुश, तुला काय वाटतं? इतक्यात गरज आहे का?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "तशी सध्या तरी काही घाई दिसत नाही साहेब." मला समोरच्याला गोड वाटेल तेच बोलायची सवय. तू माझ्याकडं एकदा बघितलंस. कागद गोळा केलेस. बाहेर गाडीला किक मारताना मी मागून आलो, म्हटलं, "रागावला का बे?" तू म्हणालास, "उद्या बोलू."

एवढंच. मग सकाळी पाणी आलं.

त्या दोन शब्दांनी माझा जीव खाल्लाय. उद्या तू काय बोलणार होतास? शिवी देणार होतास? सासुरवाडीत माझ्या शेजारी बसणार नव्हतास? तू गप्प बसलास की मला तुझं बोलणं मनानं बनवता यायचं, पण या वेळी काही केल्या बनत नाही. म्हणून ओसरीवर मी तो भाग गाळला. त्या जागी दुसरं घातलं. सगळ्यांना सांगत आलो, की आदल्या दिवशी सुंदर एकदम मजेत होता, हसत हसत घरी गेला, सकाळी पाणी भरता भरता शांतपणे गेला, आक्का शेजारीच होत्या. ऐकणाऱ्याला बरं वाटतं. म्हणतात, "भाग्यवान."

आज साहेब आले. टोपी काढून सतरंजीवर बसले, गुडघे दुखतात तरी खालीच बसले. मग विचारलं, "कसं काय झालं रे एकदम?"

मी सुरू झालो. साहेबांना तर जास्तच गोड सांगायला हवं होतं. "काय सांगू साहेब. आदल्या दिवशी मीटिंग झाली, तुमचं त्याचं कसं छान बोलणं झालं. एकदम मजेत होता. हसत हसत घरी गेला..."

"हसत न्हवते आले."

मला वाटलं बाहेरून कुणी बोललं. आवाज ओळखू येईना, घसा घासलेल्या भांड्यासारखा. आतून उषा म्हणाली, "आक्का?"

"हसत न्हवते आले भाऊजी," आक्का म्हणाली. चौकटीला पाठ तशीच, तोंड आमच्याकडं नाही. "तडतडत आले. जेवताना भाकर तशीच ठिवली. मी म्हणलं, काय झालं? तर म्हणले, अंकुशला सगळं कळतंय, पण साहेबाला वाईट वाटंल म्हणून बोलत न्हाई."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी सतरंजीचे दोरे बघत होतो.

"मी म्हणलं, मग सोडा की तुमी बी. तर म्हणले, सोडतो कशाला? उद्या तेच्या घरी जातो, च्या पितो आन् तेलाच तयार करतो. म्हणले, माझं बोलणं लोकान्ला कडू लागतंय. अंकुशनं सांगितलं तर पटतंय. म्या मांडलं म्हणून कणगीचं पडलं. माझी गोष्ट तेनंच सांगायला पाहिजे."

उद्या बोलू. एवढंच होतं ते, सुंदर. चहा प्यायला येणार होतास.

मला वाटलं ती थांबेल. ती थांबली नाही. "आन् तुमी ह्या सगळ्यांला सांगताव, मी शेजारी होते. मी न्हवते शेजारी. मी आत कांदा चिरत होते. हौद भरून पाणी वाहायलेला आवाज आला, तर मी आतून वरडले. पाणी वाहून चाललंय, झोपलाव का काय म्हणलं. दोनदा वरडले. जाब देईनात तर आजून राग आला मला. म्हणलं, बहिरे झालाव का? ते पडलेले व्हते भाऊजी, आन् मी शिव्या देत व्हते. तेच तुमी सांगत न्हाईत. रोज ऐकते मी, रोज तुमी गाळताव."

आणि मग तिनं जो हंबरडा फोडला, तो तुझ्या अख्ख्या गल्लीनं ऐकला असेल. मामी धावत आल्या आणि तिला छातीशी धरून म्हणाल्या, "रड माय, रड. माझी माय ती." उषा रडत होती. साहेब टोपीनं तोंड झाकून बसले होते. मी पहिल्यांदाच गमछा डोळ्याला लावला नाही, तो कुठं पडला होता कुणास ठाऊक.

मी इतके दिवस तिच्या कानावर रोज खोटं घालत होतो, तिला बरं वाटावं म्हणून. आणि ती आत बसून वाट बघत होती, की कुणीतरी एकदा खरं सांगेल.

साहेब उठले तेव्हा मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. गाडीत बसता बसता म्हणाले, "दहावा झाला की मीटिंग लावतो. ते लिंबागणेशच्या कणगीचं तूच मांड." काच खाली घेऊन म्हणाले, "आणि सुनांचं उदाहरण दिलंस तरी चालेल."

आत आलो तर आक्का ताटावर बसली होती. उषानं भाकरी दुधात कुस्करून दिली होती आणि ती स्वतःच्या हातानं खात होती. डोळे सुजलेले, केस सुटलेले, पण घास गिळत होती. मामी दाराआडून मला बघून हात जोडत होत्या, मी त्यांना खुणेनंच थांबवलं. मी काही केलेलं नव्हतं. मी तर नेहमीसारखा चुकीचं सांगत होतो.

साहेब काय म्हणाले ते मी आक्काला सांगितलं. तिनं घास संपवला, पाणी प्यायली.

"मीटिंगीत मसाला घालू नका, भाऊजी. त्यांला आवडायचं न्हाई."

"नाही घालत."

"तुमच्या न्हाई म्हणण्याला काय अर्थ हाय? हितं बसा. काय सांगणार ते आधी मला म्हणून दावा."

मी तिच्या ताटासमोर बसलो. घसा साफ केला आणि सुरू केलं. सुंदर, पहिल्याच वाक्याला तिनं मला थांबवलं.